नव्या आवृत्तीनंतर हिशोब उघडतो, पण जतन होत नाही

प्रश्न : कळमना बाजारात आमची संत्र्याची अडत आहे. दुकानात विंडोज ११ चा एकच संगणक असून त्यावर माझे खाते ॲडमिनिस्ट्रेटरचे आणि मुनीमजींचे साधे आहे. शेतकऱ्यांच्या हिशोबपट्ट्या करण्याचे एक जुने सॉफ्टवेअर आम्ही वर्षानुवर्षे वापरत आलो. मी ते नेहमी 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून उघडतो, मुनीमजी साधेपणाने उघडतात. आंबिया बहाराची आवक सुरू होताच मी त्याची नवी आवृत्ती टाकली. तेव्हापासून मुनीमजींच्या खात्यात सॉफ्टवेअर उघडते, पण पट्टी जतन करताना 'ॲक्सेस इज डिनाइड' असा संदेश येतो. त्याहून मोठी काळजी अशी की, त्यांनी पूर्वी केलेल्या पट्ट्या आता दिसतच नाहीत. माझ्या मात्र आहेत. त्यांच्या काही पट्ट्या माझ्या खात्यात पूर्वीही दिसत नसत, पण छापील प्रती मिळत असल्याने मी तिकडे लक्ष दिले नाही. संगणक दुरुस्त करणारे एक गृहस्थ संपूर्ण सी ड्राइव्हला 'एव्हरीवन – फुल कंट्रोल' द्यायला सांगतात. तसे करावे का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : तसे कृपया करू नका, आणि मुनीमजींच्या पट्ट्या सापडेपर्यंत त्यांचे खाते काढून टाकणे, संगणक फॉरमॅट करणे किंवा 'साफसफाई'ची सॉफ्टवेअर चालवणे यांपैकी काहीही होऊ देऊ नका. आपण दिलेल्या तपशिलावरून त्या पट्ट्या संगणकातच सुरक्षित असण्याची शक्यता खूप आहे.

आपल्यापुढे वास्तविक दोन स्वतंत्र अडचणी आहेत. नव्या आवृत्तीमुळे त्या एकाच दिवशी उघड झाल्या, एवढेच. पहिली हरवलेल्या पट्ट्यांची. 'प्रोग्राम फाइल्स' या फोल्डरात साध्या खात्याला फक्त वाचण्याची आणि प्रोग्राम चालवण्याची परवानगी असते, लिहिण्याची नसते. तरीही अनेक जुनी सॉफ्टवेअर आपली हिशोबाची फाइल तिथेच ठेवत असत. विंडोज व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टने अशा जुन्या ३२-बिट सॉफ्टवेअरसाठी एक सोय केली : साध्या अधिकाराने चालणाऱ्या प्रोग्रामने तिथे लिहिण्याचा प्रयत्न केला, की विंडोज त्याला न अडवता त्या फाइलची एक प्रत वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरात करते आणि पुढचे सगळे लेखन त्या प्रतीत होते. वाचतानाही आधी तीच प्रत उघडली जाते, त्यामुळे मुनीमजींना आपले काम मूळ फाइलमध्येच चालले आहे असे वाटत राहिले. आपण मात्र ॲडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने लिहीत असल्याने आपल्या पट्ट्या खऱ्या फाइलमध्ये गेल्या. एका दुकानाचे दोन हिशोब तेव्हापासूनच वेगळे झाले होते, आणि त्यांच्या पट्ट्या आपल्याला दिसत नसत त्याचे कारणही हेच असावे. नव्या आवृत्तीने ही सोय नाकारली असणार. प्रोग्रामला कोणत्या अधिकाराने चालायचे आहे हे त्याच्या मॅनिफेस्टमध्ये (प्रोग्रामसोबतच्या माहितीपत्रकात) लिहिलेले असले, किंवा तो ६४-बिट असला, की विंडोज ही सोय त्याला लागू करत नाही. इन्स्टॉलरने (सॉफ्टवेअर संगणकात बसवणाऱ्या प्रोग्रामने) खरी फाइल नव्या जागी नेली, मुनीमजींची प्रत होती तिथेच राहिली.

ती प्रत शोधण्यासाठी मुनीमजींच्याच खात्यात लॉगिन करा, फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मधून लपलेल्या वस्तू दाखवण्याचा पर्याय चालू करा आणि सी ड्राइव्हमधील 'युजर्स', त्यात मुनीमजींच्या खात्याचे फोल्डर, मग 'ॲपडेटा', 'लोकल' आणि 'व्हर्च्युअलस्टोअर' असे आत जा. तिथे 'प्रोग्राम फाइल्स (एक्स८६)' नावाच्या फोल्डरात आपल्या सॉफ्टवेअरचे नाव दिसेल. ते फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करा. कट करू नका. हेच काम आपल्या खात्यातून करू गेलात तर परवानगी नसल्याचे सांगून विंडोज 'कंटिन्यू'चे बटण दाखवते, आणि ते दाबले की मुनीमजींच्या फोल्डराच्या परवानग्यांमध्ये आपले नाव कायमचे जोडले जाते. सहज लक्षात न येणारा असा बदल पुढे गोंधळ वाढवतो, म्हणून तो टाळावा.

सापडलेली फाइल नव्या फाइलवर चिकटवून टाकण्याचा मोह मात्र कटाक्षाने आवरा. तसे केल्यास आपल्या पट्ट्या पुसल्या जातील. दोन्ही फाइलींतील नोंदी एकत्र करणे हे सॉफ्टवेअरच्या आयात सुविधेचे किंवा ते बनवणाऱ्यांचे काम आहे. त्यांना दोन्ही प्रती द्या आणि एकाच क्रमांकाच्या पट्ट्या दोन्हींत असू शकतात हे आवर्जून सांगा.

आता दुसरी अडचण, जतन न होण्याची. नव्या आवृत्तीचा डेटा बहुधा 'प्रोग्रामडेटा' या फोल्डरात असेल. सर्व वापरकर्त्यांच्या सामाईक डेटासाठी ही जागा योग्यच आहे, पण तिच्या मूळ परवानग्यांबद्दल सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचाही पुष्कळदा गैरसमज असतो. तिथे साध्या खात्याला नवी फाइल निर्माण करता येते आणि स्वतः निर्माण केलेल्या फाइलवर त्याचा पूर्ण अधिकार असतो. दुसऱ्याने निर्माण केलेली फाइल मात्र त्याला केवळ वाचता येते. आपली हिशोबाची फाइल इन्स्टॉलरने किंवा आपल्या खात्याने निर्माण केली, म्हणून मुनीमजींना ती उघडता येते, बदलता येत नाही. खात्री करायची असेल तर त्यांच्या खात्यातून त्याच फोल्डरात एक रिकामी टेक्स्ट फाइल करून पाहा. ती तयार झाली आणि पट्टी तरीही जतन झाली नाही, तर निदान बरोबर आहे.

उपाय छोटा आहे. आपल्या खात्यातून 'प्रोग्रामडेटा'मधील फक्त या सॉफ्टवेअरच्या डेटा फोल्डरावर उजवी क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मधील 'सिक्युरिटी' उघडा, 'एडिट' दाबा, 'युजर्स' हा गट निवडा आणि 'मॉडिफाय'च्या 'अलाउ' चौकोनात खूण करा. ही परवानगी आतल्या फायलींपर्यंत वारशाने उतरते. एखादी फाइल तरीही अडली, तर तिच्या 'ॲडव्हान्स्ड' खिडकीत वारसा बंद केलेला आहे का ते तपासा. काही इन्स्टॉलर फोल्डराच्या परवानग्यांची जुनी यादी पुसून स्वतःची लावतात. त्याच खिडकीतील 'इफेक्टिव्ह ॲक्सेस'मध्ये मुनीमजींचे खाते निवडले, की त्यांना नेमके काय करता येते ते विंडोज स्वतः सांगते. 'डिनाय'च्या रकान्याला हात लावू नका, कारण एकाच पातळीवरची मनाई परवानगीवर मात करते आणि तिच्या तडाख्यात आपले स्वतःचे खातेही सापडू शकते.

'फुल कंट्रोल'ची गरज नाही. त्यात परवानग्या बदलण्याचा आणि मालकी घेण्याचा अधिकारही येतो, आणि पट्टी लिहिण्याशी त्याचा काही संबंध नाही. संपूर्ण सी ड्राइव्हला तो दिला तर साध्या खात्यात शिरलेला कोणताही घातक प्रोग्राम 'प्रोग्राम फाइल्स'मधील मूळ प्रोग्राम बदलून ठेवू शकेल, आणि पुढच्या वेळी आपण तो ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडाल तेव्हा संगणकाचा पूर्ण ताबा त्याच्याकडे जाईल. मुनीमजींना आपला पासवर्ड देणे हाही मार्ग नव्हे. प्रोग्राम मग आपल्या खात्याच्या नावाने चालेल आणि साध्या व वेगळ्या खात्याचा उद्देशच संपेल.

माझ्या मते ही उणीव इन्स्टॉलरचीच आहे. तो ॲडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने चालतो, त्यामुळे डेटा फोल्डराला योग्य परवानगी देण्याची वेळ आणि ताकद दोन्ही त्याच्याकडे असते. इन्स्टॉलर तयार करण्याच्या 'इनो सेटअप'सारख्या साधनात फोल्डराच्या नोंदीत 'युजर्स-मॉडिफाय' एवढे लिहिले की काम होते. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना हे जरूर कळवा, नाहीतर प्रत्येक नव्या दुकानात हाच घोळ पुन्हा होईल.

प्रश्न : याच प्रकारच्या अडचणीत मी फोल्डराच्या 'प्रॉपर्टीज'मधील 'रीड-ओन्ली'ची खूण काढतो, पण ती पुन्हा येते. परवानगी मिळत नाही ती यामुळेच का?
– एक वाचक, सदर, नागपूर

उत्तर : नाही. फोल्डराच्या बाबतीत तो भरीव चौकोन आतल्या फायलींबद्दल असतो, म्हणूनच खिडकी पुन्हा उघडली की तो पूर्वीसारखा दिसतो. कोणाला लिहिता येईल हे तो ठरवत नाही. ते ठरवणारी यादी 'सिक्युरिटी' या भागातच असते, आणि तपास तिथूनच सुरू करावा.