नाक्यावरचे प्रश्न : रस्ता नेमका अडवतं कोण?

मागच्या अंकात सहज लिहिलं होतं की रस्त्यावरची काही गाऱ्हाणी असतील तर पाठवा, आणि तुम्ही अशी पाठवलीत की बाकी विषयांना जागाच उरली नाही. सूर मात्र सगळ्यांचा एकच, चालायला जागा नाही. पाच प्रश्न घेतलेत, बाकीच्यांनी रुसू नये.

ठाणे स्टेशनला पश्चिमेला उतरलं की सॅटिस पुलाखालून बाहेर पडायलाच दहा मिनिटं लागतात, सगळीकडे फेरीवाले. पालिकेची गाडी येते, उचलते, तासाभरात परत तेच. हे नाटक कशासाठी? (एक वाचक, नौपाडा)

नाटक म्हणालात ते बरोबरच आहे, पण त्यात आपलंही छोटंसं काम आहे, तिकडे नंतर येतो. आधी कायदा. २०१७ च्या सप्टेंबरात एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली, त्यानंतर हायकोर्टाने सांगितलं की स्टेशनपासून १५० मीटरच्या आत फेरीवाला नको आणि शाळा, हॉस्पिटल, देवळापासून १०० मीटरच्या आत नको. म्हणजे तुमच्या बाजूने कोर्ट आहे. पण त्याआधी २०१४ चा फेरीवाल्यांचा कायदाही आहे, आणि तो सांगतो की आधी सर्व्हे करा, प्रमाणपत्र द्या, बसायच्या जागा ठरवा, आणि हे ठरवायला जी नगर पथविक्रेता समिती असेल तिच्यात किमान ४० टक्के माणसं फेरीवाल्यांमधूनच निवडून आलेली हवीत. आता इथून हुसकायचं तर बसायचं कुठे हे आधी ठरायला हवं ना? ते ठरत नाही म्हणून गाडी येते, ताडपत्रीची चार टोकं धरून गाठोडं खांद्यावर पडतं, माणूस गल्लीत पळतो आणि गाडी गेली की परत मांडतो. नुकसान फक्त ज्याचं गाठोडं गाडीत गेलं त्याचं, दंड भरून तो उद्या दुप्पट जोराने ओरडणार.

मी एकदा मुद्दाम पावलं मोजत गेलो, दीडशे मीटर म्हणजे माझी साधारण दोनशे पावलं. आमची नेहमीची भाजीवाली मावशी त्या दोनशेच्या आतच निघाली, आणि मोजून झाल्यावर मी तिच्याकडूनच मेथीची जुडी घेऊन घरी गेलो. ते आपलं छोटंसं काम म्हणालो ना, ते हेच. तरी एक सांगतो, पुलाच्या पायऱ्यांवर आणि जिन्याच्या तोंडाशी मात्र कोणीही बसू नये, तिथे मी मावशीचीही बाजू घेणार नाही. पायरीवर बसलेला दिसला तर स्टेशनमास्तर किंवा रेल्वे पोलिसांना सांगा, तो भाग रेल्वेचा, पालिकेची गाडी तिथे येत नाही.

कळव्याला मागे लोकांनी एसी लोकल अडवली होती, मी त्यात होतो. ऑफिसातले अजून टोमणे मारतात की तुम्हा लोकांना चांगलं काही नको असतं. काय उत्तर देऊ? (एक वाचक, कळवा)

त्यांना विचारा, कळव्याला सकाळी फास्ट थांबते का? नाही. म्हणून तर लोक कारशेडमधून निघणाऱ्या गाडीत चढून ठाणे गाठायचे, रीतसर नव्हतं पण वर्षानुवर्षं चाललेलं. १९ ऑगस्ट २०२२ ला त्या जागी एसी गाडी आली, म्हणजे पासही वेगळा आणि दरवाजेही बंद, तेव्हा लोक रुळावर उतरले. आठवडाभरात रेल्वेने १० एसी फेऱ्या मागे घेतल्या. आता कायद्याने बघाल तर गाडी अडवणं हा गुन्हाच आहे, रेल्वे कायद्याच्या १७४ कलमात दोन वर्षांपर्यंत कैद आहे, त्यामुळे ऑफिसात छाती काढून सांगू नका. पण टोमण्याला उत्तर म्हणून एवढंच की चांगलं सगळ्यांनाच हवं असतं, फक्त ते आपली गाडी काढून दिलेलं नको असतं.

मोर्चा काढायचा हक्क आहे हे मान्य, पण माझ्या आईची डॉक्टरची वेळ चुकते त्याचं काय? मोर्चेकऱ्यांना हे कळत नाही का? (एक वाचक, कोपरी)

काहींना कळतं, आणि त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण तुमच्याच दारावरून गेलंय. मार्च २०१८ मध्ये शेतकऱ्यांचा लाँग मार्च नाशिकहून निघाला, साधारण १८० किलोमीटर चालत, त्यात म्हाताऱ्या बायकाही, किती जणांच्या पायात चपला नव्हत्या आणि तळव्याची सालं निघालेली. ठाणं ओलांडून ते सायनच्या मैदानावर पोचले, तिथेच रात्रभर झोपून सकाळी निघायचं ठरलेलं, पण दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता, पोरांना ट्रॅफिकमध्ये अडकवायला नको म्हणून ही दमलेली माणसं मध्यरात्रीच उठली आणि अंधारात चालत १२ तारखेला सकाळी आझाद मैदानात जाऊन बसली. मुंबईकरांनी पाणी, पोहे, बिस्किटं, चपला घेऊन धाव घेतली ती काय उगाच नाही.

प्रत्येक मोर्चा असा नसतो हे मलाही माहितेय. परवानगी पोलिसांकडून घ्यावी लागते, मार्ग आधी ठरतो, जमावबंदी असेल तर मुळात जमताच येत नाही. वाहतूक पोलीस मार्ग बदलल्याचं आदल्या दिवशी जाहीर करतात, डॉक्टरची वेळ असेल तर तेवढं बघून निघा. आणि मोर्चा असो की मिरवणूक, ॲम्ब्युलन्सला लोक वाट देतातच, तसा अनुभव आहे.

पण मला एक कोडं पडतं. मोर्चा दोन तास रस्ता अडवतो तर आपण पेटून उठतो, आणि दहीहंडीचा स्टेज सकाळपासून रस्ता अडवतो तेव्हा आपणच कडेवर पोर घेऊन बघायला उभे. (मी पण. २०१२ ला जय जवान गोविंदा पथकाने ठाण्यातच नऊ थर लावून गिनीजमध्ये नाव घातलं तेव्हा माझी मान दोन दिवस दुखत होती, तक्रार कुठे केली?)

दहीहंडीत लहान मुलाला वर चढवलेलं दिसलं तर कोणाला सांगायचं? आणि डीजे? (एक वाचक, वर्तकनगर)

१४ वर्षांखालचं मूल थरात नको, हे २०१७ मध्ये कोर्टात ठरलेलंय, ११२ ला फोन करा. डीजेची तक्रारही तिथेच, हॉस्पिटलच्या १०० मीटरमध्ये दिवसाही नाही आणि एरवी रात्री दहानंतर नाही, सरकारने सवलत दिलेले मोजके दिवस सोडून, तेही फक्त बारापर्यंत. फोन करताना वेळ आणि जागा नेमकी सांगा, 'इकडे खूप आवाज आहे' म्हणून फोन ठेवलात तर कोणी शोधत येणार नाही.

लेक वाशीला दिलीय. जानेवारी २०२४ ला मराठा आंदोलन वाशीत येऊन थांबलं तेव्हा आम्ही नातवाच्या वाढदिवसाला निघालेलो आणि रिक्षात अडकलो. पुन्हा असं झालं तर? (एक आजोबा, घोडबंदर रोड)

आजोबा, घोडबंदर रोडवरून रिक्षाने वाशी म्हणजे आंदोलन नसलं तरी अडकायचंच! ठाणे स्टेशन गाठा आणि ट्रान्स हार्बरची लोकल पकडा, तासाभराच्या आत लेकीकडे. आणि त्या वाटेत कळवा येत नाही.