गळती मार्चमध्ये आहे

प्रश्न: मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, वय ४४, सांगली जिल्ह्यात स्वतःचा दवाखाना आहे, खाटा नाहीत. रोज साधारण ५ नवे आणि २२ जुने रुग्ण होतात. नव्यांना ८०० रुपये, जुन्यांना ४५०. वर्षाची जमा ३२ लाख, दवाखान्याचा खर्च ९ लाख. पुण्यातली एक ‘मेडिकल बिलिंग’ कंपनी उत्पन्न ३० टक्क्यांनी वाढवून देतो म्हणते. एकूण जमेच्या ७ टक्के फी, सुरुवातीला ७५ हजार, करार तीन वर्षांचा. घ्यावी का? उत्पन्न वाढणं गरजेचं आहे, कारण मार्चमध्ये विम्याचे हप्ते आले की बँकेच्या ओव्हरड्राफ्टमधून, म्हणजे ओडीतून, भरावे लागतात (सध्या ११ लाख वापरात, व्याज १२ टक्के). शिवाय यंदा मुलीच्या नावाने चौथी पॉलिसी घ्यायची आहे.

उत्तर: डॉक्टर, तुमचा प्रश्न बिलिंगचा आहे, त्याचं उत्तर ‘नको’. कारणं खाली देतो. पण पत्रातली शेवटची दोन वाक्यं वाचून मी तुमच्याकडून तिन्ही पॉलिसींचे कागद मागवून घेतले. ते आले आणि बिलिंगची फाईल मी बाजूला ठेवली.

आधी घरचा हिशेब, लाखांत. जमा ३२, दवाखाना ९, कर २. हातात राहिले २१. घरखर्च ८, गृहकर्जाचे हप्ते साडेचार, मुलीचं कॉलेज आणि क्लास २. इथपर्यंत साडेचौदा झाले. म्हणजे साडेसहा लाख शिल्लक पडायला हवी. ती पडत नाही, कारण विम्याचे हप्ते ६.४ लाख आणि ओडीचं व्याज १.३ लाख आहे. दरवर्षी लाख-सव्वा लाखाचा खड्डा पडतो आणि तो ओडीत जाऊन बसतो. ‘मार्चमध्ये वापरतो, नंतर प्रॅक्टिसमधून फेडतो’ असं तुम्ही फोनवर म्हणालात. बँकेचा उतारा तसं म्हणत नाही. तीन वर्षांत तो आकडा एकदाही ७ लाखांच्या खाली आलेला नाही.

आता या पॉलिसी काय देतात ते बघू. तिसरी, २०२४ ची, तुमच्या एमआर (औषध कंपनीचा प्रतिनिधी) मित्राच्या बायकोने दिलेली: बारा वर्षं ३ लाख भरायचे, मग बारा वर्षं ६ लाख घ्यायचे. ‘दुप्पट, आणि तेही हमखास.’ कागद नीट वाचला तर मार्च २०२४ चा हप्ता दुप्पट होऊन येतो मार्च २०३८ मध्ये, २०२५ चा २०३९ मध्ये. प्रत्येक हप्त्याला चौदा वर्षं. दुप्पट व्हायला लागणाऱ्या वर्षांनी ७२ ला भागलं की साधारण व्याजदर निघतो. ७२ ला १४ ने भागा: पाच टक्के. दुसरी, २०२१ ची, बँकेतल्या ‘रिलेशनशिप मॅनेजर’ची: अडीच लाखाचे दहा हप्ते, दुप्पट व्हायला बारा वर्षं. सहा टक्के. आणि हे हप्ते तुम्ही ज्या ओडीतून भरता त्याला १२ टक्के. तिथे रक्कम सहा वर्षांत दुप्पट होते, फक्त देणारे तुम्ही असता. पोस्टातलं साधं पीपीएफ २०२० पासून ७.१ टक्के देतंय, तेही करमुक्त. ते कुणी विकायला येत नाही, कारण त्यात कुणाला काही सुटत नाही.

तुम्ही लिहिता की पॉलिसी ‘टॅक्ससाठी’ घेतल्या. कुठला टॅक्स? करबचतीच्या ८०सी कलमाची मर्यादा दीड लाख आहे. तुम्ही भरता ६.४ लाख. वरच्या जवळजवळ पाच लाखांना करात कवडीची सूट नाही, आणि ती दीड लाखाची सूटही गृहकर्जाच्या मुद्दलातून निम्मी-अधिक भरतेच. आणखी पुढचं ऐका. तुमचे सीए ४४एडीए या कलमाखाली जमेच्या निम्मं, म्हणजे १६ लाख उत्पन्न दाखवतात. ठीक आहे, कायद्यात बसतं. पण ही ८०सी ‘वाया जाऊ नये’ म्हणून तुम्ही जुन्या करप्रणालीत राहिलात. १६ लाखांवर २०२५-२६ साठी नव्या प्रणालीत कर होतो सेससकट सव्वा लाख. जुन्यात ८०सी, घराच्या व्याजाचे २ लाख, मेडिक्लेम सगळं वजा करूनही पावणेदोन लाखांच्या वर. म्हणजे करबचतीच्या पॉलिसींसाठी तुम्ही दरवर्षी साठ हजार जास्त कर भरताय. व्यवसायाचं उत्पन्न असलं की एकदा नव्यात परत आल्यावर पुन्हा जुन्यात जाता येत नाही, हे सीएंशी बोलून घ्या. पण तुमच्या आकड्यांत परत जावंसं वाटायचं कारण मला दिसत नाही. (एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू, त्यात कलमांचे आकडे बदलतात. गणित तेच.)

आणि एवढ्या हप्त्यांत विमा किती? तिन्ही मिळून ७० लाख. गृहकर्ज ३४ लाख बाकी, ओडी ११. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर देणी फेडून वहिनींच्या हातात २५ लाख. वर्षाला दहा लाख लागतात. अडीच वर्षं. मुलगी आत्ता बारावीला आहे. वर्षाला ६.४ लाख विम्यावर खर्च करणाऱ्या घराला अडीच वर्षांचं संरक्षण, हा हिशेब तुम्हाला गेल्या बारा वर्षांत एकाही विकणाऱ्याने मांडून दाखवला नाही.

चौथी पॉलिसी घेऊ नका. एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या अशा पारंपरिक पॉलिसींचा वर्षाचा एकत्रित हप्ता ५ लाखांच्या वर गेला की मुदतीनंतरच्या रकमेची करमाफी सगळ्यांना मिळत नाही. २०२४ चे ३ आणि नवे ३, झाले ६. दोन्हींपैकी एकीच्या रकमेवर कर लागेल. मुलीच्या नावाने घेतली तरी हप्ता तुम्हीच भरणार. एजंटने हे सांगितलं का, असं विचारणार होतो. राहू दे.

मग करायचं काय. पहिली पॉलिसी, २०१४ ची, हप्ता ९० हजार: ती राहू द्या. जुनी आहे, बोनस चढलाय, थोडीच वर्षं उरलीत. तिसरीचे दोन हप्ते गेले आहेत. आज मोडली तर हमीचं सरेंडर मूल्य ३० टक्के, ६ लाखांचे १.८० लाख. जीव तुटेल. मोडू नका, ‘पेड-अप’ करा. पुढचा एक रुपया भरायचा नाही, भरलेल्या दोन हप्त्यांच्या प्रमाणात जे मिळायचं ते २०३८ पासून मिळेल. दुसरीचे पाच हप्ते झालेत, साडेबारा लाख. तिथे कंपनीकडून दोन आकडे लेखी मागा: आज सरेंडर केली तर किती आणि पेड-अप ठेवली तर दरवर्षी किती. हमी निम्म्याची आहे, प्रत्यक्षात थोडं जास्त मिळू शकतं. आठ लाखांच्या वर देत असतील तर मोडून सगळे ओडीत भरा. त्याखाली असेल तर पेड-अप. शाखेत गेलात तर ‘सर, एवढं भरलंय, आता कशाला थांबता’ हे ऐकावं लागेल. थांबायचं यासाठी की पुढचे हप्ते अजून खिशात आहेत. गेलेल्या हप्त्यांच्या शोकात तेही घालवू नका.

साडेपाच लाखांचे हप्ते थांबले, साठ हजार कर वाचला. त्यातून २ कोटींचा साधा टर्म विमा घ्या, साठाव्या वर्षापर्यंत. तुमच्या वयाला, सिगारेट नसेल तर, हप्ता चाळीस-पन्नास हजारांच्या आसपास येईल. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक विम्यावर जीएसटीही नाही. मुदतीनंतर काही परत मिळत नाही म्हणून तुम्हाला तो ‘वाया’ वाटतो, असं तुम्हीच लिहिलंय. दवाखान्याचं भाडं दिल्यावर मालक परत काय देतो? वरचा सव्वा लाखाचा खड्डा भरून उरलेले साडेचार लाख ओडीत. अडीच वर्षांत तो शून्यावर येतो. यात प्रॅक्टिसचं उत्पन्न एका रुपयानेही वाढलेलं नाही, हे लक्षात घ्या.

आता बिलिंग. पुण्यात रात्रपाळीला बसून अमेरिकेतल्या डॉक्टरांची बिलं करणारी मुलं हजारांनी आहेत, आणि या कंपनीचा प्रस्ताव त्याच कामातून उचललेला दिसतो. तिकडे ते काम खरोखर अवघड आहे. मानसोपचारतज्ज्ञाने औषध तपासलं आणि वर पाऊण तास मानसोपचार केला, तर तपासणीचा एक कोड आणि जोडीला ९०८३६ हा दुसरा लावावा लागतो. तो राहिला की तेवढे पैसे गेले. दावा परत आला की महिनोन्महिने पाठपुरावा. तिथे वसुलीवर टक्केवारी घेणाऱ्याला काम आहे. तुमच्याकडे रुग्ण काउंटरवर यूपीआय करतो किंवा नोटा देतो. दावाच नाही, तर बिलिंगवाला कशाचा पाठपुरावा करणार?

‘मानसिक आजार आता विम्यात आलेत’ हे त्यांचं वाक्य खरं आहे, पण अर्धं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २१(४) ने शारीरिक आजारांच्या बरोबरीने मानसिक आजारांना विमा द्यायला सांगितलं, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या इर्डाने तसं परिपत्रक काढलं. पण बहुतेक मेडिक्लेम चालतात दाखल झालेल्या रुग्णाला. तुमच्याकडे खाटा नाहीत. ओपीडीचं संरक्षण असलेली पॉलिसी तुमच्या २७ पैकी किती जणांकडे असेल, तुम्हीच सांगा.

टक्केवारीही बघा. ७ टक्के ‘वाढीवर’ नाही, एकूण जमेवर. काही न करता पहिल्या दिवसापासून वर्षाला सव्वादोन लाख, तीन वर्षांत सुरुवातीच्या पाऊण लाखासकट साडेसात. मसुद्यात ते रुग्णांची नावं, मोबाईल आणि निदानही मागतात, ‘रिमाइंडर पाठवायला’. याच कायद्याचं कलम २३ गोपनीयतेचं आहे. ते मी तुम्हाला शिकवायला नको. सहीपूर्वी वकिलाला दाखवा असं म्हणणार होतो, पण सहीच नको.

पण गळती आहे, हेही सांगतो, कारण तुमच्याच आकड्यांत ती सापडते. ५ गुणिले ८००, अधिक २२ गुणिले ४५०: दिवसाला १३,९००. वर्षाचे २९० दिवस धरा. ४० लाख. जमा ३२. आठ लाख कुठे गेले? तुम्ही म्हणालात ‘रिसेप्शनवरची मुलगी प्रामाणिक आहे’. असेलही. मला वेगळाच संशय आला, म्हणून तुमच्या भिंतीवरच्या पाटीचा फोटो मागवला. ‘पंधरा दिवसांत फेरतपासणी मोफत.’

ही पाटी ताप-खोकल्याच्या डॉक्टरांची आहे. त्यांचा रुग्ण चार दिवसांत बरा होतो, फुकट यायची वेळच येत नाही. तुमच्याकडे औषधाचा गुण दिसायलाच दोन आठवडे लागतात, म्हणून तुम्ही स्वतःच प्रत्येक नव्या रुग्णाला पंधरा दिवसांनी बोलावता. आणि ती भेट फुकट ठेवलीत! वर्षाला १,४५० नवे रुग्ण. त्यातले तीन चतुर्थांश परत आले तरी पाच लाख रुपये. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, इतकंही नाही. दळणाराच पीठ वाटून टाकतोय.

पाटी काढून दुसऱ्या भेटीला ४५० घ्या असं मी म्हणणार नाही. त्या भेटीला न येणारा रुग्ण औषध सोडतो, हे तुम्ही जाणता. पहिल्या भेटीची फी ११०० करा आणि त्यात पहिली फेरतपासणी धरलेली आहे असं सांगा. पैसे आधीच दिलेत म्हटल्यावर माणूस येतो. १,४५० गुणिले ३०० म्हणजे सव्वाचार लाख. काही नवे रुग्ण कमी होतील, म्हणून तीन धरू. कंपनीचं ३० टक्क्यांचं स्वप्न विसरा, पण दहा टक्के तुमचे तुम्हीच करू शकता, फुकटात.

उरलेली गळती व्हॉट्सअॅपवरची. ‘डॉक्टर, त्याच गोळ्या चालू ठेवू ना?’ हा प्रश्न, तुमचं उत्तर आणि चिठ्ठीचा फोटो. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार फोनवरच्या सल्ल्याला फी घेता येते, पावती द्यायची असते, नोंदही ठेवायची असते. झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्या फोनवर लिहिण्याआधी त्याच सूचनांतली औषधांची यादी उघडून बघा; तो प्रश्न फीपेक्षा मोठा आहे. ज्याला परवडत नाही त्याला फुकट बघा, तुम्ही बघताच. फक्त वहीत ‘सवलत’ असं लिहा. आज तुम्हाला माहीत नाही की दिलेली सवलत किती आणि विसरलेली फी किती. प्राप्तिकराच्या फॉर्म ३सी चा नमुना त्यासाठी उत्तम आहे: तारीख, रुग्णाचं नाव, सेवा, फी, मिळाल्याची तारीख. ४४एडीए मुळे तुमच्यावर त्याची सक्ती नाही. शंभर पानी वही पुरते, सॉफ्टवेअर नको.

पत्रात ओझरता उल्लेख आहे की तुम्ही दोन हॉस्पिटलांत रुग्ण बघायला जाता आणि तिथून ‘काही येणं आहे, बघावं लागेल’. बघा. विमा कंपनी पैसे देते हॉस्पिटलला, आणि तुमची व्हिजिट फी तिथे अडकून राहते. येताना १० टक्के टीडीएस कापून येते. २६एएस, म्हणजे आयकर खात्याकडचा तुमच्या टीडीएसचा उतारा, उघडून कापलेला टीडीएस आणि तुमच्या खात्यात आलेली रक्कम ताडून बघा: कापलाय पण पैसे आले नाहीत, असं एखादं बिल निघालं तर पुरावा तुमच्याकडे आयताच आहे. महिन्याच्या ५ तारखेला दोन्हीकडे बाकीची यादी पाठवायची, हे काम रिसेप्शनवरची मुलगी करू शकते.

तिसऱ्या पॉलिसीचा हप्ता १४ मार्चला आहे आणि तो ओडीच्या खात्यातून आपोआप कापला जातो. तो आदेश बँकेत जाऊन आधी रद्द करा. टर्म विम्याची वैद्यकीय तपासणी होऊन पॉलिसी हातात यायला काही आठवडे जातात, म्हणून तो अर्ज याच आठवड्यात. पेड-अपचं पत्र टर्मची पॉलिसी हातात आल्यावर द्या, आधी नको. मध्ये थोडे दिवस उलटले तर हप्त्याला सवलतीचे ३० दिवस असतात.

आणि एमआर मित्राला काय सांगायचं, असं तुम्ही विचारलंय. सांगा की ओडी फिटेपर्यंत सीएने बंदी घातलीय. माझं नाव घेतलंत तरी चालेल.