वाचकांचे प्रश्न: आंबेनळीत गाडी घासली नाही, मग मनालीच्या बर्फात काय होणार?

प्रश्न: नमस्कार दादा, जानेवारीत आम्ही दोन फॅमिली नाशिकहून स्वतःच्या गाडीने मनालीला चाललोय, डिझेल एसयूव्ही आहे पण फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनची ताकद देणारी) नाही. 20 वर्षं कसारा, कशेडी, आंबेनळी सगळे घाट भर पावसात चालवलेत, गाडीला ओरखडा नाही. बायको म्हणते बर्फाचं वेगळं असतं. अटल टनेल क्रॉस करून सिस्सूला जायचंय. बर्फात घसरू नये म्हणून टायरला लावतात ती चेन विकत घेऊ का, अजून काय काळजी घेऊ?
— एक वाचक, नाशिक

उत्तर: वहिनी बरोबर बोलतायत हो. घाट चालवल्याचा उपयोग होतो, नाही असं नाही, ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा ही आपली जुनी शिकवण तिकडे जशीच्या तशी कामाला येते. पण पावसातल्या घाटात ब्रेक दाबला की गाडी थोडी पुढे जाऊन का होईना थांबते. बर्फावर तसं धरून चालू नका, थांबायला कोरड्या रस्त्याच्या दहापटसुद्धा अंतर लागू शकतं. गाडी पुढे जाते कशी याची चिंता सगळे करतात, थांबणार कशी हा विचार कुणी करत नाही.

आणि पांढरा बर्फ दिसतो म्हणून माणूस आपसूक हळू जातो. खरा घात करतो तो न दिसणारा, ज्याला ब्लॅक आइस म्हणतात. दिवसा बर्फ वितळून पाणी रस्त्यावर येतं, संध्याकाळी तेच पाणी गोठतं आणि डांबरावर काचेसारखा पातळ थर बसतो, लांबून बघाल तर वाटतं रस्ता नुसता ओला आहे. सावलीतली वळणं, पूल (पुलाला खालूनही गार हवा लागते म्हणून तो आधी गोठतो), झऱ्याचं पाणी रस्त्यावर येतं त्या जागा, इथे पाय आधीच हलका ठेवायचा.

मी स्वतः फसलोय. सिस्सूच्या बाजूला, सकाळचे नऊ, स्पीड फार तर 20, सावलीतल्या वळणावर सवयीने ब्रेकला पाय लागला आणि गाडी अगदी निवांत आडवी होऊन डोंगराकडच्या बर्फाच्या ढिगाला टेकली. गाडी दरीच्या बाजूला सरकली असती तर हा कॉलम दुसरं कोणीतरी लिहीत असतं. मागून आलेला तिथलाच एक ड्रायव्हर हसला आणि म्हणाला, इतक्या सकाळी निघालातच कशाला, ऊन पडू द्यायचं. तेव्हापासून मी दहाच्या आधी निघत नाही आणि चारच्या आत हॉटेलवर असतो.

आता चालवायचं कसं. सुटताना पहिल्याऐवजी दुसरा गिअर, क्लच सावकाश, नाहीतर चाक जागीच फिरतं आणि खालचा बर्फ अजून गुळगुळीत करून ठेवतं. उतारावर लो गिअर, ब्रेक अगदी हलका, आणि वळणाच्या आधी सरळ रस्त्यावरच स्पीड कमी करायचा, वळणात ब्रेक नाही. तरी गाडी सरकलीच तर मागचा भाग ज्या बाजूला जातो त्याच बाजूला स्टिअरिंग हलकंसं वळवायचं, एक्सलरेटरवरून पाय काढायचा. पुढची चाकं सरकली तर स्टिअरिंग जास्त पिळू नका, थोडं सरळ करा म्हणजे पकड परत येते. एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जॅम होऊ न देणारी सिस्टीम) असेल आणि इमर्जन्सी आली तर पेडल घट्ट दाबून धरा, ते पायाखाली थरथरेल, घाबरून सोडू नका.

चेन घ्यायच्याच असतील तर इंजिन ज्या चाकांना ओढतं त्यांना लावा, तुमच्या गाडीची पुढची की मागची ते आधी बघून घ्या. घरी पार्किंगमध्ये दोनदा लावून बघा, उणे तापमानात बोटं चालत नाहीत. चेनवर 30-40 च्या वर जायचं नाही आणि कोरडा रस्ता लागला की काढायच्या.

मनालीहून टनेलकडे जाताना लागणाऱ्या सोलंगच्या पुढे बर्फ पडला की पोलीस बऱ्याचदा फक्त फोर बाय फोर किंवा चेनवाल्या गाड्या सोडतात, वाद घालू नका. माझं स्पष्ट मत, मनालीपर्यंत तुमची गाडी आणि पुढे लोकल फोर बाय फोर ड्रायव्हरसकट. टनेल 9.02 किलोमीटरचा, अलीकडे ऊन असलं तरी पलीकडे बर्फ पडत असू शकतो, तिकडे अडकलात तर दोन फॅमिली घेऊन काय करणार?

अडकलातच तर गाडी तासन्‌तास चालू ठेवून हीटर लावून झोपू नका. सायलेन्सर बर्फात बुजला की कार्बन मोनॉक्साइड आत येतो, त्याला वास नसतो. जानेवारी 2022 मध्ये पाकिस्तानात मरी या हिल स्टेशनजवळ बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये 20 हून जास्त माणसं गेली, थंडीने आणि या वायूने. आधी सायलेन्सर मोकळा करा, मग थोडा वेळ इंजिन, काच बोटभर उघडी. ब्लँकेट, पाणी, चिक्की आणि एक फावडं गाडीत पाहिजेच.

बाकी बारीकसारीक: रेडिएटरमध्ये नुसतं पाणी नको, कूलंट आणि पाणी अर्धं-अर्धं पाहिजे. कडाक्याच्या थंडीत डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर चोकअप होऊ शकतो, लक्षात ठेवा. रात्री हँडब्रेक ओढू नका, तो गोठून बसतो, गिअरमध्ये ठेवून चाकाखाली दगड लावा. आणि सकाळी काचेवर गरम पाणी ओतलंत तर तडा जाईल.

प्रश्न: मुलगा अमेरिकेत मिनियापोलिसला असतो. ऑल व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना ताकद मिळणारी) गाडी घेतलीये म्हणून विंटर टायर नको म्हणतो. बरोबर आहे का त्याचं?
— एक आई, पुणे

उत्तर: नाही ताई. ऑल व्हील ड्राइव्हने गाडी सुटते छान, पण ब्रेक तर सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतात, थांबवायचं काम टायरचंच. साधारण 7 अंशाच्या खाली साधं रबर कडक होतं, विंटर टायरचं मऊ राहतं. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये तर 1 डिसेंबर ते 15 मार्च कायद्यानेच लावावे लागतात. टायरवर डोंगर आणि त्यात बर्फाची चांदणी असं चिन्ह बघून घ्यायला सांगा, चारही, फक्त दोन नाही. तरी ऐकत नसेल तर पहिला बर्फ पडला की रिकाम्या पार्किंगमध्ये एकदा जोरात ब्रेक मारून बघ म्हणावं, टायर तो स्वतःच घेऊन येईल.