वाचकांचे प्रश्न : लिव्हरपूल पाहावे कोठून?

प्रश्न : मुंबईच्या गोदीत तीस वर्षे नोकरी करून मी निवृत्त झालो. मुलगा मँचेस्टरला असतो. त्याच्याकडे जाणार आहे, तेव्हा एक दिवस लिव्हरपूलसाठी ठेवला आहे. तेथे फुटबॉल आणि बीटल्स यांपलीकडे काही नाही, असे मुलगा म्हणतो. बंदर म्हणून हे शहर पाहायचे असेल तर सुरुवात कोठून करावी?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : सुरुवात पाण्यापासून करावी, आणि तीही ओहोटीच्या वेळी. मर्सी नदीच्या मुखाशी उधाणाच्या दिवशी पाणी सुमारे १० मीटर चढते-उतरते, म्हणजे आपल्या मुंबईच्या जवळजवळ दुप्पट. अशा ठिकाणी उघड्या धक्क्याला लावलेले जहाज काही तासांत चिखलात टेकणार, हे तुम्हाला सांगायला नको. त्यावर उपाय म्हणून अभियंता थॉमस स्टीअर्स याने दरवाज्यांनी पाणी अडवून धरणारी गोदी बांधली आणि ती १७१५ मध्ये खुली झाली. व्यापारासाठी बांधलेली या प्रकारची ती जगातील पहिली गोदी मानली जाते. पुढे ती बुजवण्यात आली. आज तिच्यावर ‘लिव्हरपूल वन’ हा बाजार उभा आहे, आणि खरेदीच्या पिशव्या घेऊन चालणाऱ्या गर्दीच्या पायांखाली, फरसबंदीत बसवलेल्या काचेतून, तिच्या जुन्या भिंतीचा तुकडा दिसतो. मला विचाराल तर अख्ख्या शहरात याहून महत्त्वाची खिडकी नाही.

तेथून चालत पाच-दहा मिनिटांवर अल्बर्ट डॉक आहे. जेसी हार्टली याने बांधलेली ही गोदी १८४६ मध्ये सुरू झाली. गोदामांना वारंवार लागणाऱ्या आगींचा धडा घेऊन त्याने बांधकामात लाकूड टाळले आणि सारा भार विटा, दगड व ओतीव लोखंड यांवर टाकला. जहाजातील माल थेट गोदामात चढवता यावा अशी सगळी मांडणी आहे, आणि दोनच वर्षांत तेथे पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या याऱ्याही आल्या. तुमच्यासारख्या माणसाने तेथील जाड लोखंडी खांबांपाशी थोडे रेंगाळावे. मात्र वाफेवरची जहाजे मोठी होत गेली तशी ही गोदी अपुरी पडली. १९७२ मध्ये ती बंद झाली आणि मालवाहतूक नदीच्या मुखाजवळच्या सीफोर्थच्या कंटेनर गोदीकडे वळली. न्हावा-शेवा सुरू झाल्यानंतरचे मुंबईचे जुने धक्के ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या बदलाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

या वैभवामागे गुलामांचा व्यापार आहे, हे विसरून शहर पाहता येत नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटनच्या गुलामवाहू जहाजांपैकी बहुसंख्य याच बंदरातून निघत, आणि हा व्यापार कायद्याने थांबला तो १८०७ मध्ये. टाउन हॉलच्या दर्शनी भागावर कोरलेले आफ्रिकी चेहरे आणि हत्ती मान वर करून अवश्य पाहावेत. या विषयाचे संग्रहालय अल्बर्ट डॉकमध्येच आहे, पण तेथील संग्रहालये नूतनीकरणासाठी दीर्घकाळ बंद राहतात, तेव्हा आधी चौकशी करून मगच वेळ ठरवावी.

आता मुलाच्या फुटबॉलविषयी. लिव्हरपूलचा किनारा २००४ मध्ये जागतिक वारसा ठरला आणि २०२१ मध्ये युनेस्कोने तो दर्जा काढून घेतला. किनाऱ्यावरील नवी बांधकामे हे त्याचे कारण होते आणि ब्रॅम्ली-मूर गोदी भरून तेव्हा उभारायचे असलेले एव्हर्टन या तेथल्याच फुटबॉल संघाचे मैदान हे त्यांपैकीच एक. तेव्हा मैदान पाहायला मुलाबरोबर जरूर जा, फक्त खाली गोदी होती एवढे त्याला सांगा.

प्रश्न : आमच्या पणजोबांच्या काळी खामगावचा कापूस ‘लिव्हरपूलच्या भावाने’ विकला जाई, असे घरात ऐकले आहे. यात तथ्य किती?
— एक वाचक, बुलढाणा

उत्तर : पुष्कळ. अमेरिकेतील यादवी युद्धात (१८६१–६५) दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली, इंग्लंडातील लँकेशायरच्या कापड गिरण्यांचा कापूस तुटला आणि त्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. वऱ्हाड-खानदेशातील कापसाच्या गासड्या मुंबईहून आफ्रिकेला वळसा घालून लिव्हरपूलला जात, कारण सुएझचा कालवा अद्याप खुला व्हायचा होता. हा कापूस आखूड धाग्याचा आणि कचरा असलेला म्हणून लँकेशायरचे गिरणी कामगार त्याच्या नावाने बोटे मोडत, तरी भाव चढतच गेले. त्या पैशावर मुंबईत शेअरचा सट्टा माजला आणि १८६५ मध्ये युद्ध थांबून भाव कोसळताच बँका व कंपन्या बुडाल्या. लिव्हरपूलला गेलात तर टाउन हॉलच्या मागचा ‘एक्स्चेंज फ्लॅग्ज’ हा चौक पाहा. कापसाचे दलाल तेथे वर्षानुवर्षे उघड्यावर उभे राहून सौदे करत, जसे आपल्याकडे कुलाब्याच्या कॉटन ग्रीनवर होत.