प्लगइन आपले, लायब्ररी कंपनीची

प्रश्न : आमची संस्था अंबड तालुक्यात पाणलोटाची कामे करते. विहिरीची किंवा बोअरची जागा ठरवण्यापूर्वी आम्ही विद्युत रोधकता मापकाने जमिनीखालच्या थरांचा अंदाज घेतो. यंत्रातल्या नोंदी कंपनीच्या खास स्वरूपाच्या फाइलमध्ये साठतात आणि ती वाचण्यासाठी कंपनीने यंत्रासोबत एक डीएलएल (इतर प्रोग्रामना वापरता येणारी, तयार कोडची विंडोजवरील लायब्ररी) दिली आहे. मी पायथनमध्ये क्यूजीआयएस या नकाशांच्या मुक्त सॉफ्टवेअरसाठी एक प्लगइन (जोड-प्रोग्राम) लिहिले असून ते या डीएलएलच्या साहाय्याने फाइल वाचते आणि मुरूम, गेरू व काळा पाषाण यांची अंदाजे खोली नकाशावर दाखवते. परभणी आणि लातूरकडच्या संस्थाही आता ते मागत आहेत. डीएलएल झिपमध्ये घालून प्लगइन क्यूजीआयएसच्या अधिकृत भांडारात (जिथून कोणालाही प्लगइन उतरवून घेता येते) ठेवले तर चालेल का? फुकटच द्यायचे असल्यावर परवान्याचा प्रश्न येतो कुठे, असे सहकारी म्हणतात.
– एक वाचक, अंबड (जि. जालना)

उत्तर : फुकट दिल्याने परवान्याचा प्रश्न मिटत नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार संगणक प्रोग्राम हा साहित्यकृतीत मोडतो आणि त्याच्या प्रती लोकांना देण्याचा हक्क मालकाकडे असतो. प्रत विकली की वाटली, याने त्यात फरक पडत नाही. यंत्र विकत घेतल्याने डीएलएल वापरण्याची मुभा आपल्याला मिळाली, ती दुसऱ्यांना देण्याची मिळालीच असे नाही. यंत्रासोबतच्या करारात ‘पुनर्वितरण’ या विषयाचे कलम आहे का, ते आधी पाहावे. तसे कलम नसेल, तर परवानगी नाही असेच धरून चालावे.

ही झाली एक बाजू. दुसरी बाजू क्यूजीआयएसची आहे आणि तिकडे सहसा लक्ष जात नाही. क्यूजीआयएस हे जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरसाठीच्या परवान्याच्या दुसऱ्या किंवा त्यानंतरच्या आवृत्तीखाली प्रसिद्ध होते. १९९१ च्या या दुसऱ्या आवृत्तीत प्रोग्राम नुसता चालवण्यावर कोणतेही बंधन नाही, त्यामुळे आपल्या कार्यालयात आपण प्लगइन आणि डीएलएल एकत्र वापरता, त्यात जीपीएलचा काहीच भंग होत नाही. बंधन सुरू होते ते वाटप करताना. क्यूजीआयएसचे आणि पायक्यूटीचे (खिडक्या-बटणे दाखवणाऱ्या क्यूटी लायब्ररीच्या पायथन जोडणीचे) तयार कोड-घटक वापरणारे प्लगइन हे त्यांच्याशी जोडलेले काम मानले जाते, म्हणून ते जीपीएलशी सुसंगत परवान्याखालीच द्यावे लागते. आणि त्याच प्रक्रियेत, म्हणजे चालू प्रोग्रामच्या आतच, बंद डीएलएल लोड होत असेल, तर तिचाही सोर्स कोड (प्रोग्रामचा मूळ मजकूर) द्यावा लागेल, असा जीपीएल लिहिणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचा अर्थ आहे. कायद्याच्या जाणकारांत यावर दुमत आहे, पण वाटप करणाऱ्याने कडक अर्थ धरूनच पाऊल टाकावे, असे माझे मत आहे. याच परवान्याचे सातवे कलम तर सरळ सांगते की, जीपीएल आणि दुसरे एखादे बंधन ही दोन्ही एकाच वेळी पाळता येत नसतील, तर वाटप करूच नये.

तिसऱ्या कलमात ऑपरेटिंग सिस्टिमच्या मुख्य घटकांना सवलत आहे आणि तिचा आधार अनेकजण घेतात. ती आपल्या उपयोगाची नाही, कारण मापकाची डीएलएल हा काही विंडोजचा भाग नव्हे. डीएलएल झिपमधून काढून टाकावी आणि ‘कंपनीकडून स्वतः घ्या’ अशी सूचना लिहावी, हा मार्गही अर्धाच आहे. त्याने कंपनीची तक्रार टळेल, परंतु प्लगइन ती डीएलएल आपल्याच प्रक्रियेत ओढून घेत असल्याने जीपीएलचा प्रश्न जागच्या जागी राहतो. आपल्या कोडपुरती अपवादाची जादा परवानगी, म्हणजे बंद डीएलएल जोडण्याची मुभा, आपण देऊ शकता. क्यूजीआयएसच्या कोडसाठी ती देण्याचा अधिकार मात्र त्याच्या हक्कदारांनाच आहे. क्यूटी लायब्ररीशी जोडणी करता यावी म्हणून क्यूजीआयएसने असा अपवाद पूर्वी लिहून ठेवलेला आहेच.

अधिकृत भांडाराचे उत्तर सोपे आहे: तेथे प्लगइनच्या झिपमध्ये बायनरी (डीएलएलसारखी यंत्रभाषेतली तयार फाइल) चालत नाही. स्वतःचे भांडार उभारून त्याचा पत्ता वापरकर्त्यांना देता येतो, परंतु त्याने भांडाराचा नियम टळतो, परवाने टळत नाहीत.

मग करावे काय? डीएलएल वापरणारा भाग प्लगइनमधून काढून त्याचा एक छोटा स्वतंत्र प्रोग्राम करावा. त्याला मापकाची फाइल द्यावी आणि त्याने अक्षांश, रेखांश, इलेक्ट्रोडमधील अंतर आणि रोधकता या स्तंभांची साधी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी विभागलेली मजकूर-फाइल) लिहून द्यावी. प्लगइनने तो प्रोग्राम कमांडने चालवून फक्त सीएसव्ही उघडावी. दोन स्वतंत्र प्रोग्राम कमांड किंवा पाइपमधून (एकाचे उत्तर दुसऱ्याला पोचवणाऱ्या जोडणीतून) बोलत असतील, तर ते सामान्यतः वेगळे मानले जातात, असे फाउंडेशनही म्हणते. मात्र अंतर्गत रचनेची गुंतागुंतीची माहिती इकडून तिकडे जाऊ लागली, की हा वेगळेपणा संशयास्पद ठरतो. म्हणून सीएसव्हीसारखे कोणालाही वाचता येईल असे माध्यम ठेवावे. डीएलएल वापरकर्त्याच्या संगणकावर यंत्राच्या सॉफ्टवेअरसोबत आलेली असतेच. त्या प्रोग्रामने तिचा मार्ग विचारून घ्यावा.

या क्षेत्रात अशी विभागणी नवी नाही. उपग्रहचित्रांचे ईसीडब्ल्यू आणि मिस्टर-सिड हे फाइलप्रकार वाचण्यासाठी बंद लायब्ररी लागते. अशा फाइली वाचण्यासाठी क्यूजीआयएस वापरते ती जीडाल ही मूळ लायब्ररी एमआयटी या सैल अटींच्या परवान्याखाली असल्याने तिला बंद लायब्ररी जोडण्यात अडचण नाही, तरीही विंडोजवर अशी सॉफ्टवेअर बसवणाऱ्या ओएसजिओ-फोर-डब्ल्यूच्या इन्स्टॉलरमध्ये हे दोन्ही प्रकार वाचणारे भाग वेगळ्या पॅकेजांत ठेवलेले असून निवडणाऱ्याला त्यांच्या अटी मान्य कराव्या लागतात. ज्याला गरज आहे त्याने ते घ्यावे, बाकीच्यांवर त्यांचा भार नको.

माझा कल मात्र याहून पुढच्या उपायाकडे आहे. डीएलएलला वगळूनच टाकावे. कंपनीला ईमेल करून फाइलच्या रचनेची माहिती मागावी आणि उत्तर जपून ठेवावे. माहिती मिळाली नाही, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(एबी) चा विचार करता येतो: आपण स्वतंत्रपणे लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्रामशी जुळवून घेण्यासाठी आवश्यक माहिती अन्य मार्गाने सहज मिळत नसेल, तर कायदेशीर ताबेदाराला ती मिळवण्यासाठी लागणारी कृती करता येते. डीएलएल उकलण्याची गरज बहुधा पडणारही नाही. आपण शेतात घेतलेल्या एकाच चाचणीची वहीतली नोंद आणि तिची फाइल शेजारी ठेवून हेक्स व्ह्यूअरमध्ये (फाइलमधले कच्चे आकडे दाखवणाऱ्या साधनात) आकडे ताडून पाहिले, तर कोणते मोजमाप कोठे साठते हे हळूहळू कळते. फाइल वाचणारा असा स्वतःचा कोड हाती आला, की प्लगइन लिनक्सवरही चालेल आणि अधिकृत भांडारातही निर्धास्तपणे ठेवता येईल. तोवर परभणी, लातूरच्या संस्थांना प्लगइन आणि वेगळा प्रोग्राम असे दोन तुकडे द्यावेत, मेटाडेटातील (प्लगइनच्या परिचय-फाइलमधील) माहितीच्या रकान्यात मापकाचे नाव व सॉफ्टवेअरची आवृत्ती स्पष्ट लिहावी आणि डीएलएल त्यात घालू नये.