९० हजार बोनसचे हातात १९,०२० का आले, आणि किती यायला हवे होते

तुमची मांडणी अशी आहे: वाळूजच्या कंपनीत नोकरी, वर्षाचा ग्रॉस पगार १२,४०,०००, नवी करप्रणाली, आणि ऑक्टोबरच्या पगारासोबत ९०,००० चा कामगिरी बोनस. टीडीएस, म्हणजे पगारातूनच कापून घेतलेला आयकर, ७०,९८० कापला गेला, हातात १९,०२० आले. सोबतचे म्हणतात, "बोनसवर सरसकट तीस टक्के जातात." पण ९० हजारांचे तीस टक्के म्हणजे २७ हजार. तुमचे तर त्याच्या अडीचपटीहून जास्त गेले. म्हणजे तो खुलासा तुमच्या स्लिपला लागूच पडत नाही.

मी पगारपत्रकाच्या कामात बरीच वर्षे काढली आहेत, म्हणून आकडा पाहताच शंका आली. हिशेब करू.

बोनसला वेगळा कर नसतो. कंपनी तुमचे वर्षभराचे अंदाजे उत्पन्न धरते, त्यात बोनस मिळवते आणि एकूण रकमेवर कर काढते. १ एप्रिल २०२५ पासून नव्या प्रणालीत ४ लाखांपर्यंत काही नाही, ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ वर १० टक्के, १२ ते १६ वर १५ टक्के. पुढे दर चढत जाऊन २४ लाखांवर ३० टक्के होतो. वर ४ टक्के उपकर, म्हणजे निघालेल्या करावरचा कर. पगारदाराला ७५,००० ची प्रमाणित वजावट मिळते, आणि करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर रिबेटमुळे, म्हणजे करमाफीमुळे, कर शून्य. म्हणूनच १२,७५,००० पर्यंतचा पगार करमुक्त म्हणतात.

बोनसआधी तुमचे करपात्र उत्पन्न ११,६५,००० होते, कर शून्य. बोनसनंतर ग्रॉस १३,३०,०००, करपात्र १२,५५,०००. आता रिबेट गेली. स्लॅबप्रमाणे २०,००० अधिक ४०,००० अधिक ५५,००० चे १५ टक्के म्हणजे ८,२५०, बेरीज ६८,२५०. त्यावर उपकर २,७३०. एकूण ७०,९८०. तुमच्याकडून कापलेला आकडा पैशाइतकाही फरक न पडता हाच आहे, आणि त्यातच चूक दिसते.

कायद्यात अशा माणसासाठी मार्जिनल रिलीफ, म्हणजे सीमावर्ती सवलत, आहे. १२ लाखांच्या वर जेवढे उत्पन्न, त्यापेक्षा जास्त कर घ्यायचा नाही. तुमचे १२ लाखांच्या वर ५५,००० आहेत. म्हणून कर ६८,२५० नव्हे, ५५,०००. उपकर २,२००. एकूण ५७,२००. म्हणजे हातात यायला हवे होते ३२,८००. कंपनीच्या पेरोलने सवलत न लावता साधा स्लॅब लावला, त्यामुळे १३,७८० जास्त गेले. एचआरशी भांडू नका. "माझ्या टॅक्स शीटमध्ये मार्जिनल रिलीफचा रकाना दाखवा" एवढेच लेखी विचारा. तिथे शून्य दिसले की त्यांच्याही लक्षात येईल.

मात्र वेळ थोडा आहे. ऑक्टोबरचा टीडीएस कंपनीला ७ नोव्हेंबरपर्यंत सरकारजमा करायचा असतो. त्याआधी सुधारला तर पैसे लगेच सुटतील. एरवी जास्त कापलेला कर पुढच्या महिन्यांच्या टीडीएसमध्ये वळता करता येतो, पण तुमचा बाकीच्या महिन्यांचा टीडीएसच शून्य आहे, वळता करायला जागा नाही. मग रिटर्न भरून परतावा घ्यायचा. तो मिळेल, फक्त रब्बीच्या पेरणीला उपयोगी पडणार नाही. गावाकडे बियाणे-खताला साठ हजार देतो असा शब्द दिलाय, असे तुम्ही लिहिलेय. तेवढे या बोनसमधून निघणार नाहीत, हे घरी आजच सांगा.

आता तुम्हाला सर्वांत जास्त टोचलेली गोष्ट. "माझ्यापेक्षा जास्त पगाराच्या साहेबाला तेवढ्याच बोनसचे ७५,९६० कसे मिळाले?" त्यांचा आकडा बरोबर आहे. १५ लाख पगार असेल तर त्यांची रिबेट आधीच गेलेली असते. बोनस पूर्ण १५ टक्क्यांच्या पट्ट्यात पडतो: १३,५०० आणि उपकर ५४०. आणि ११ लाख पगाराच्या सहकाऱ्याला पूर्ण ९०,००० मिळतील, कारण तो बोनस धरूनही मर्यादेच्या आत राहतो. एकच बोनस, तीन माणसे, आणि मधला सर्वांत कोरडा. मला हे न्याय्य वाटत नाही, पण नियम असाच आहे. तुमच्या बोनसमधले पहिले ३५,००० करमुक्त मर्यादेत बसले. उरलेले ५५,००० पूर्ण करात गेले, वर २,२०० उपकर. ही अडचण करपात्र उत्पन्न साधारण १२,७०,५८८ होईपर्यंत राहते. त्यापुढे प्रत्येक जादा रुपयावर साधा १५ टक्के दर लागतो.

या पट्ट्यात असताना बँकेच्या एफडीचे व्याज विसरू नका. १०,००० व्याज असेल तर त्याच्यावर १०,४०० कर बसतो, आणि तो परताव्यातून वजा होईल.

तुमच्या बाजूची एक वाट अजून आहे: कंपनीमार्फत एनपीएस, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजना. नव्या प्रणालीत स्वतः भरलेल्या एनपीएसची वजावट नाही, पण कंपनीने तुमच्या खात्यात भरलेली रक्कम बेसिकच्या १४ टक्क्यांपर्यंत वजा होते. तुमचे बेसिक ५०,००० आहे, म्हणजे महिना ७,०००. कंपनी विशेष भत्त्यातून तेवढे कमी करून नोव्हेंबर ते मार्च एनपीएसमध्ये भरायला तयार झाली, तर ३५,००० जमतील. करपात्र उत्पन्न १२,२०,००० वर येईल, कर २०,००० आणि उपकर ८००. म्हणजे ५७,२०० ऐवजी २०,८००. ३५ हजार तुमच्याच नावावर राहिले आणि ३६,४०० कर वाचला. अशी संधी फक्त याच पट्ट्यात सापडते. अट एवढीच की तो पैसा बहुतांशी अनेक वर्षे अडकतो, आणि दर महिन्याला हातात ७,००० कमी येतील. वाचलेला कर परताव्यातूनच येईल. घरात उधारी असेल तर विचार करून ठरवा. नसेल तर मी डोळे झाकून हो म्हणेन.

जुनी प्रणाली घेऊ का, याचे उत्तर "घेऊ नका". दीड लाखाची ८०सी (पीएफ, विमा अशा बचतीची वजावट), दोन लाख गृहकर्ज व्याज आणि २५,००० चा आरोग्यविमा धरला तरी कर ९६,७२० होतो.

पीएफ मूळ पगारावर कापतात, या बोनसवर नाही. व्यवसाय कर वर्षाला २,५०० हा ठरलेला, बोनसने वाढत नाही. ईएसआय, म्हणजे कामगार विमा, तुमच्या पगाराला लागूच नाही. स्लिपवर पतसंस्थेचा हप्ता किंवा सणाची उचल कापलेली असेल तर ती तुमचीच सही असलेली वसुली आहे, कर नव्हे.

तुमच्या खोलीतल्या मित्राचा प्रश्न वेगळा आणि माझ्या मते जास्त गंभीर आहे. तो ठेकेदाराकडे आहे, बेसिक आणि महागाई भत्ता मिळून १३,०००, वर्षभर काम केले, बोनस ६,९९७ दाखवला आणि त्यातून पीएफ कापला. ६,९९७ म्हणजे ७,००० धरून वर्षाचे ८.३३ टक्के. २०१५ च्या दुरुस्तीनंतर महिना २१,००० पर्यंत वेतन असलेल्याला बोनस लागू आहे, आणि हिशेब ७,००० किंवा त्या कामाचे किमान वेतन, जे जास्त असेल त्यावर करायचा. समजा त्याच्या कामाचे किमान वेतन १३,००० आहे, तर वर्षाचा बोनस साधारण १२,९९५ होतो. कमीत कमी ८.३३ टक्के, जास्तीत जास्त २०. नव्या वेतन संहितेतही हीच टक्केवारी आहे. त्यावर पीएफ नाही, आणि एवढ्या पगाराला आयकरही नाही. सणाआधी अंतरिम बोनस दिला असेल तर तेवढा वजा करता येतो, ठेकेदाराच्या हिश्श्याचा पीएफ तर कधीच नाही.

त्याने बारा महिन्यांच्या स्लिपा, बँक पासबुक आणि पीएफ पासबुकची प्रत काढून आधी ठेकेदाराला लेखी अर्ज द्यावा, प्रत मूळ कंपनीच्या एचआरला. उत्तर आले नाही तर संभाजीनगरच्या कामगार उपायुक्त कार्यालयात तोच अर्ज द्यायचा. त्याची हुद्द्याची नोंद स्लिपवर कुशल, अर्धकुशल की अकुशल अशी आहे ते इथे लिहा, म्हणजे कोणते किमान वेतन लागते ते पाहून अर्जातला आकडा मी काढून देतो.