दुकानदाराशी आधी बोल

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. अमेरिकेत बंदुकीने होणारे मृत्यू रोखण्याचं काम तू हाती घेतलंस आणि त्यासाठी बुधवारी एका बंदुकीच्या दुकानात जाणार आहेस, याचा मनापासून आनंद झाला. पण पत्रात ‘बंदूकवाले’ हा शब्द ज्या तिडिकेने आलाय, ती तिडीक आधी बाजूला ठेव. ज्यांच्या कपाटात बंदूक आहे, त्यांना सोबत घेतल्याशिवाय हे काम पुढे सरकत नाही.

२०२३ मध्ये तिथे गोळी लागून सुमारे ४६,७०० माणसं गेली. त्यांतल्या सुमारे २७,३०० आत्महत्या होत्या. शाळेतल्या गोळीबाराची बातमी दिवसभर चालते, चालायलाच हवी. पण निम्म्याहून जास्त माणसं अशी एकटी, बंद दाराआड गेली. बंदुकीने केलेल्या प्रयत्नातून दहातला एखादाच वाचतो. आणि आत्महत्येच्या प्रयत्नातून जे वाचतात, त्यांच्यातले दहापैकी नऊ जण पुढे आत्महत्येने जात नाहीत. ती वेळ टळली की माणूस जगतो रे. तेवढ्या वेळापुरती बंदूक हाताशी नसावी, यासाठीच माझा सगळा आटापिटा असतो.

न्यू हॅम्पशायरमध्ये २००९ साली आठवड्याच्या आत तीन जणांनी एकाच दुकानातून बंदूक घेतली आणि काही तासांतच जीव दिला. दुकानदाराने हात झटकले नाहीत. तो सार्वजनिक आरोग्यात काम करणाऱ्यांबरोबर बसला. गिऱ्हाईक खचलेलं वाटलं तर काय विचारायचं, विक्री कधी नाकारायची, हे त्यांनी मिळून लिहून काढलं. घरातलं कुणी खचलेलं असेल तर बंदूक काही दिवस दुसरीकडे ठेवा, असं सांगणारी पत्रकं दुकानांत लागली. कुणाचाही हक्क गेला नाही. पुढे इतर राज्यांनीही हे उचललं.

कायदाही नीट वाच. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या हेलर निकालाने स्वसंरक्षणासाठी घरात पिस्तूल ठेवण्याचा व्यक्तीचा हक्क मान्य केला, आणि त्याच्या आड येणारी वॉशिंग्टन डीसीची घरातल्या बंदुकीला कुलूप लावण्याची सक्तीही रद्द केली. म्हणून कुलपाचं बरंचसं काम समजावूनच करावं लागतं. २०२४ च्या रहिमी निकालात मात्र त्याच न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी सांगितलं, की ज्याच्यापासून दुसऱ्याच्या शारीरिक सुरक्षेला खरा धोका आहे असं कोर्टाला आढळलंय, अशा माणसाला तात्पुरतं निःशस्त्र करता येतं. ‘तात्पुरतं’ या शब्दाखाली रेघ मार. सुनावणी, मुदत आणि धोका सरल्यावर बंदूक परत, एवढं नसलेल्या कायद्याला मी स्वतः विरोध करीन. बंदूक परत मिळवायला एकाला विनाकारण वर्षभर खेटे घालायला लागले, तर पुढच्या वेळी त्याचा भाऊ मदत मागायला येणारच नाही.

आणि नेमबाजीच्या रेंजवर जाऊन रीतसर प्रशिक्षण घे. मी घेतलं तेव्हा पिस्तुलाचं मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, काढलं आणि म्हणालो, ‘रिकामं आहे.’ शिक्षकाने काही न बोलता स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढली. नळीच्या मागच्या कप्प्यात, म्हणजे चेंबरमध्ये, राहिलेलं काडतूस टणकन बाकावर पडलं. लहान मुलं असलेल्या मालकाशी बोलताना अजूनही तो आवाज कानात येतो.

बुधवारी त्या दुकानात जाशील तेव्हा लगेच पत्रक पुढे करू नकोस. त्यांना विचार, घरची बंदूक रात्री कुठे असते, आणि किल्ली कुणाकुणाला माहीत आहे? त्यांचं बोलणं पूर्ण होऊ दे. काय म्हणाले ते मला सविस्तर लिही.